पंखाखालची जागा

त्या प्रदेशात पाणी भरपूर होतं आणि पिलं कमी होती. असं का झालं याबद्दल एकमत नव्हतं. कोणी म्हणे, वरच्या अंगाने वाहत येणाऱ्या पाण्यात काहीतरी मिसळतं आहे. कोणी म्हणे, पक्षी हल्ली घरटी उशिरा बांधतात, आधी दूरदूरची तळी पाहून येतात आणि मग अंडी काही त्यांच्यासाठी थांबत नाहीत. कारण काहीही असो, दर हंगामात बरीच घरटी रिकामी राहत, हे सगळ्यांना दिसत होतं.

पिलं कमी झाली तशी त्यांची प्रतिष्ठा वाढली. सकाळी मोठ्या तळ्यावर सगळे पाणी प्यायला जमत, तेव्हा ज्यांच्यासोबत पिलू असे ते पुढे, निवळ पाण्यापाशी उभे राहत. ज्यांचं घरटं रिकामं ते मागे थांबत. त्यांच्यापर्यंत येईतो पाणी इतरांच्या पायांनी ढवळून गढूळ झालेलं असे. हा नियम कोणी केलेला नव्हता. त्यामुळे तो मोडायला कोणाकडे जावं, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

या तळ्यावर मृणाल नावाची सारसी आणि वासव नावाचा सारस राहत. सारस हे त्या प्रदेशातले सर्वांत उंच पक्षी. तळ्याकाठची लव्हाळी आणि त्यामागचं टेकाड पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे होतं. उंच असण्यात एक अडचण होती. मागच्या रांगेत उभं राहिलं तरी सारस सगळ्यांना दिसत. पुढचे पक्षी पाणी पिऊन वळले की त्यांची नजर आधी मृणालवर जाई आणि मग ते आदबीने दुसरीकडे बघत. त्या आदबीची मृणालला टोमण्यांपेक्षा जास्त भीती वाटे.

चार हंगाम तिने अंडी घातली आणि चारही हंगाम ती तिच्या पोटाखाली गार पडली. थोरल्या पक्ष्यांनी सांगितलं म्हणून तिने घरट्याचं तोंड बदललं. पाचव्या दिवसापासून पाण्यात पाय घालायचा नाही असं सांगितलं, तर ती तहानलेलीही बसून राहिली. वासव शेजारी उभा राहून पहारा देई. अंडं गार पडलं की तो ते उचलून लव्हाळ्यात नेऊन ठेवी आणि परत येऊन तिच्या मानेवरून चोच फिरवी. त्या प्रदेशात उबवणं हे आईचं काम समजलं जाई. म्हणून दोषही आईचाच समजला जाई.

पाचव्या हंगामाच्या आधी ते दोघं धनेश वैद्यांकडे गेले. हे धनेश पक्ष्यांतले वैद्य एका जुन्या उंबराच्या ढोलीत राहत आणि अंड्यांच्या दुखण्यांवर उपाय करत. त्यांची चोच मोठी आणि बोलणं मोजकं होतं. त्यांनी मृणालची सगळी हकीकत ऐकून घेतली, चार हंगामांतलं प्रत्येक अंडं कितव्या दिवशी गार पडलं ते विचारलं, आणि म्हणाले, "तुमच्या अंड्यात जीव धरतो, बाई. पण तुमच्या अंगाची ऊब त्याला शेवटपर्यंत पुरत नाही. ऊब दुसरीकडून घ्यावी लागेल."

"म्हणजे अंडं दुसऱ्या कोणाच्या पोटाखाली?" वासवने विचारलं.

"पोटाखाली दुसऱ्याच्या. पिलू तुमचंच."

 मृणालने एवढंच विचारलं, "तळ्यावर कळेल का?"

"माझ्याकडून नाही," वैद्य म्हणाले. "तुमच्याकडून काय कळेल ते तुम्ही ठरवा."

वैद्यांनी तिला कडू मुळ्या दिल्या. त्या वाटून रोज घ्यायच्या, म्हणजे एका वेळी जास्त अंडी तयार होतात. त्या मुळ्यांनी मृणालचं अंग सुजलं, पिसं निस्तेज झाली, चालताना पोटात कळा येऊ लागल्या. तिने ते सगळं सोसलं. तळ्यावर विचारलं तर ती सांगे, की हवा मानवली नाही. अखेर तिने तीन अंडी घातली. सारसीला एका वेळी तीन क्वचितच होतात.

"तिन्ही ठेवू," वैद्य म्हणाले. "एखादं तरी तग धरेल."

ऊब द्यायला त्यांनी शोधून काढली ती तानी नावाची कोंबडी. तानी तळ्याच्या खालच्या काठाला, चिखलाच्या पट्टीवर राहत असे. ती नुकतीच खुडूक झाली होती. खुडूक कोंबडीला उबवण्याची इतकी ओढ असते की ती दाणापाणी विसरून बसते. पण तानीपाशी उबवायला काही उरलं नव्हतं. दर वर्षी पाणी चढे आणि तिची अंडी वाहून जात. यंदाही गेली होती. ती रिकाम्या ओल्या गवतावर पंख पसरून बसली होती.

वासवने तिच्यापुढे बोलणं मांडलं. तिने महिनाभर बांबूच्या बेटात बसायचं, कोणाला काही सांगायचं नाही. पिलू बाहेर येईल त्या दिवशी ते अंग वाळवून डोळे उघडण्याआधी तिने निघून जायचं, कारण पिलू डोळे उघडून ज्याला पाहील त्याच्याच मागे चालेल. बदल्यात टेकाडावरची कोरडी जागा तिला कायमची मिळेल. तिथे पाणी कधीच चढत नसे.

"कायमची?" तानीने विचारलं.

"कायमची."

"मग माझी अंडी वाहून जायाची न्हाईत."

"नाही."

तानीने मान हलवली. धनेश वैद्य तिला म्हणाले, "ऊब तुझी आहे, अंडी त्यांची आहेत. हे रोज सकाळी एकदा स्वतःला सांगत जा."

"सांगीन," तानी म्हणाली. "पर ऊब कुणाचं ऐकत न्हाई, वैद्यबुवा."

तानी बेटात बसली आणि त्याच दिवशी मृणाल तळ्यातल्या आपल्या घरट्यावर बसली. लव्हाळ्यांचं ते घरटं सगळ्यांना दिसेल असं उघड्या पाण्यात होतं. त्यात काहीच नव्हतं. तरी ती लांब पाय दुमडून, पिसं फुगवून, अगदी आई बसते तशी बसे. वासव नेहमीप्रमाणे पहारा देई. येणारेजाणारे पक्षी थांबत, मान खाली करून आनंद व्यक्त करत. त्यांच्यातला सर्वांत वयस्कर चमचा पक्षी एका सकाळी मुद्दाम जवळ आला. त्याने विचारलं, "किती आहेत, पोरी?"

मृणालला तिन्हींचं सांगायचं धाडस झालं नाही. चार वर्षं एकही टिकलं नव्हतं. जास्तीची आशा तोंडाने बोलून दाखवली तर ती तिथेच विरून जाईल, असं तिला वाटलं.

"एकच," ती म्हणाली.

"एक पुरे," चमचा म्हणाला, आणि ही बातमी त्याने तळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचवली.

दुपारी पक्षी आपापल्या सावलीला गेले की मृणाल पाय मोकळे करण्याच्या निमित्ताने बेटाकडे जाई. ती बांबूंच्या बाहेर उभी राही. आत तानी मंद आवाजात, खुडूक कोंबडी करते तसं, सतत काहीतरी कुडकुडत असे.

"कोणाशी बोलतेस?" मृणालने एकदा विचारलं.

"त्येंच्याशी. ऐकू येतं त्येन्ला."

मृणालला त्या बोलण्याचा राग आला आणि मग त्या रागाचीच लाज वाटली. ती परत जाऊन आपल्या रिकाम्या घरट्यावर बसली.

सोळाव्या दिवशी धनेश वैद्य आले. तानीने बाहेर सारलेलं एकेक अंडं त्यांनी चढत्या उन्हासमोर धरून पाहिलं. मग ते बेटाबाहेर आले आणि मृणाल-वासवांना थोडं दूर घेऊन गेले.

"तिन्ही जिवंत आहेत," ते म्हणाले. "जिवाचे लाल दोरे तिन्हींत स्पष्ट आहेत."

 वासवने हळूच पंख उघडले आणि पुन्हा मिटले.

"पण ही आनंदाची बातमी पुरी नाही," वैद्य पुढे म्हणाले. "सारसाची अंडी मोठी. कोंबडीचं अंग लहान. ती तिन्ही झाकते आहे खरी, पण आळीपाळीने एकेक उघडं पडतं. असंच चालू ठेवलं तर शेवटच्या दिवसांत तिन्ही जातील. एक बाजूला करावं लागेल. मला ते आवडत नाही, पण दुसरा मार्ग मला दिसत नाही."

"आणि दोन?" वासवने विचारलं.

"दोन राहतील. दोनांना तिचा पंख पुरतो, हे मी पाहिलं आहे."

वासवने मृणालकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर चार वर्षांत न दिसलेलं काहीतरी उमटलं होतं. मृणाल मात्र तळ्याकडे बघत होती. झाडांमधून तिचं घरटं दिसत होतं. काठावर दोन पाणकोंबड्या थांबून त्या घरट्याकडे बघत एकमेकींशी बोलत होत्या.

"आपण सगळ्यांना एक सांगितलं आहे," ती म्हणाली.

"मग दुसरं उशिरा घातलं म्हणू."

"सोळा दिवसांनी? त्या चमच्याने स्वतः विचारलं होतं. त्याने हिशोब मांडला तर पहिल्याबद्दलही शंका निघेल. मग बेटाबद्दल विचारतील. मग तानीबद्दल."

"मृणाल."

"मला मागच्या रांगेत परत उभं राहायचं नाही, आणि पुढच्या रांगेत उभी असताना कोणी माझ्याकडे बघून कुजबुजलेलंही मला चालणार नाही. एकच ठेवायचं."

वैद्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पहिलं काढायला मी सांगतो आहे," ते म्हणाले. "दुसरं मी सांगत नाही. ते तुमचं."

"कोण काढणार?" वासवने विचारलं.

"माझी चोच आत गेली तर तिन्ही फुटतील. जिच्या पोटाखाली आहेत तीच बाहेर सारेल. कुठली ते मात्र आईने दाखवायचं असतं. तशी रीत आहे."

मृणाल बांबूंपाशी गेली. तानी आत पंख पसरून बसली होती. तिचं वजन घटलं होतं, तुरा फिका पडला होता. मृणालला बघून तिचे डोळे उजळले.

"बाई, तिन्ही हलाया लागलीत," ती म्हणाली. "आज सकाळपासनं. डावीकडचं लई चुळबुळ्या हाय."

मृणालने डावीकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "तानी, वैद्य म्हणतात तुझ्या पंखाखाली एकाचीच जागा आहे. तिन्ही ठेवली तर तिन्ही जातील. दोन बाहेर सारायला लागतील."

 तानीने एक पंख थोडा उचलून खाली पाहिलं, आणि पुन्हा टेकवला.

"म्या आणखी पसरून बसते," ती म्हणाली. "पाण्याला जायाचं बंद करते."

"तेवढ्याने होणार नाही."

"वैद्यबुवा आसं म्हणाले?"

"हो."

 मग तानीने विचारलं, "कुठली काढू?"

मृणालने तोंड उघडलं. रीत तिला माहीत होती. एक मान वळवायची, एकदा बघायचं, एकदा चोचीने दाखवायचं, इतकंच. पण बघितलं तर ती तीन होती हे आयुष्यभर आठवेल, असं तिला वाटलं. न बघितलं तर कदाचित एकच होतं असं पुढे मानता येईल.

"तुझ्या सोयीने कर," ती म्हणाली, आणि वळून तळ्याकडे चालू लागली.

मागून कुडकुडण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो थांबला. धनेश वैद्यांनी दोन अंडी पानांत गुंडाळून नेली. कुठे नेली, ते कोणी विचारलं नाही. वासव त्या दिवशी पहाऱ्याला उभा राहिला नाही. तो तळ्याच्या पलीकडच्या काठाला एकटाच उभा होता, आणि परतल्यावरही त्याने त्या विषयावर पुढे कधी शब्द काढला नाही.

एकतिसाव्या दिवशी अंडं आतून ठोठावलं गेलं. पहिला तडा जाताच वैद्यांनी तानीला उठवलं. उठताना तिचे पाय लटपटले, इतके दिवस ती बसून होती. अंड्यातून बारीक आवाज आला आणि तिने सवयीने उत्तर दिलं. वैद्यांनी तिला गप्प राहायची खूण केली. ती बेटाच्या मागच्या बाजूने टेकाडाकडे निघून गेली. मृणालने ते तडकलेलं अंडं आपल्या घरट्यात आणून ठेवलं. दुपारपर्यंत पिलू बाहेर आलं, वाळलं, त्याने डोळे उघडले आणि मृणालला पाहिलं. ती मुलगी होती. तिचं नाव नीरजा ठेवलं.

मग सगळं मृणालला हवं होतं तसंच झालं. ती पुढच्या रांगेत उभी राहिली. पाणी इतकं निवळ होतं की त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि ती घाईने प्यायली. नीरजा गुणी होती, चपळ होती, आईच्या पायांमध्ये लपून जगाकडे बघे. मृणालचं तिच्यावर इतकं प्रेम होतं की त्याने कधीकधी तिचा श्वास अडके. एक गोष्ट मात्र तिला सतावत असे. दूर टेकाडावरून कोंबडीचं कुडकुडणं वाऱ्याबरोबर आलं की नीरजा खाता खाता थांबे आणि मान तिरकी करून ऐकत राही.

"कोण आहे ते?" ती विचारे.

"कोणी नाही. कोंबडी आहे," मृणाल सांगे.

त्याच वर्षी कुंदा नावाची एक तरुण बगळी मृणालकडे आली होती. तिचीही अंडी गार पडत. रांग मोडून, इतरांची नजर चुकवून ती मृणालच्या जवळ येऊन उभी राहिली आणि अगदी खालच्या आवाजात तिने विचारलं, "ताई, चार वर्षं तुमचंही माझ्यासारखंच चाललं होतं. मग काय केलंत? मला सांगाल?"

मृणालला उंबराची ढोली आठवली. ती तिथून फार दूर नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

"धीर धरला," ती म्हणाली. "तूही धर."

कुंदाने तिचे आभार मानले. तिने तो शब्द देवाचा शब्द असल्यासारखा जपून नेला.

दोन वर्षं गेली. एका सकाळी कुंदा पुन्हा आली. या वेळी ती पाणी प्यायला आलीच नव्हती. तिची मान बारीक झाली होती आणि पिसांची झळाळी गेली होती. बगळ्यांचे अंडी घालण्याचे हंगाम मोजकेच असतात, आणि तिचे संपले होते.

"ताई, मी धरला हो धीर," ती म्हणाली. "शेवटचं अंडं गार पडलं तरी नऊ दिवस बसून राहिले. तुमच्याइतका माझ्याकडे नव्हता बहुतेक. कुठेतरी माझाच कमी पडला असेल."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मृणालला वाटलं, तिने तक्रार केली असती, अंगावर धावून आली असती तर बरं झालं असतं. आताही खरं सांगता येत होतं. पण आता सांगून कुंदाला काय मिळणार होतं? काही उपाय होता आणि तो तुझ्यापासून लपवला, एवढंच कळलं असतं. मृणालने मान खाली घातली. कुंदा थोडा वेळ थांबली आणि उडून गेली.

त्या दुपारी मृणाल नीरजाला घेऊन टेकाडाकडे निघाली. वासवने विचारलं, "कुठे?" तिने टेकाडाकडे मान केली. त्याने तिला अडवलं नाही.

टेकाड कोरडं होतं. वरच्या सपाट जागी, करवंदीच्या जाळीच्या आडोशाला तानीने गवताचं अंथरूण केलं होतं. ती त्यावर बसलेली होती. वयाने ती थकलेली दिसत होती. मृणालला बघून ती उठायला लागली.

"बस, बस," मृणाल म्हणाली.

"आजच बसले, बाई," तानी म्हणाली. मग तिची नजर नीरजावर गेली. ती इतकी उंच झालेली बघून तानीला हसू आलं. "ही व्हय? बरी हाय न्हवं?" आणि तिच्या नकळत तिच्या घशातून ते जुनं कुडकुडणं निघालं. नीरजा आईच्या बाजूने सरळ पुढे गेली आणि तानीपाशी मान खाली करून उभी राहिली. मृणालने तिला मागे ओढलं नाही.

बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं. पण ठरवलेलं सगळं पांगलं आणि एकच वाक्य उरलं.

"तानी, त्या दिवशी वैद्यांनी दोन राहतील असं सांगितलं होतं."

तानीने तिच्याकडे पाहिलं. तिला लगेच कळलं नाही.

"एक काढायला सांगितलं होतं. दोनांना तुझा पंख पुरतो, असं ते म्हणाले होते. मी तुला खोटं सांगितलं. मी तळ्यावर एकच आहे असं सांगून बसले होते, म्हणून."

नीरजाने मान वर केली. "माझ्यासोबत आणखी दोघं होती?" तिने विचारलं.

"होती," मृणाल म्हणाली. आपल्या मुलीशी ती इतकं लहान आणि इतकं खरं वाक्य प्रथमच बोलत होती.

 तानी शेजारच्या गवताकडे बघत होती. मृणालने त्या नजरेचा माग घेतला. करवंदीच्या मुळाशी, अंथरुणापासून हातभर अंतरावर, गवतात दोन अंडी पडलेली होती. लहान, तपकिरी, कोंबडीची.

"ही कोणाची?" मृणालने विचारलं, पण विचारतानाच तिला ते कळलं होतं.

"माझीच," तानी म्हणाली. "परवाचं एक, कालचं एक. ह्ये पोटाखालचं आजचं." ती थांबली. "हितं आल्यापासनं दर येळी म्या एकच ठेवते, बाई. बाकीची बसायच्या आधीच बाजूला करते. माझ्या पंखाखाली एकाचीच जागा हाय, असं तुम्ही सांगितलं हुतं. म्हनलं, वैद्यबुवा बोलले म्हंजी खरंच असंल. उगा सगळीच कशाला गमवायची."

"दर वेळी?"

"पाचवी येळ ही."

वारा पडला होता. खाली मोठं तळं दिसत होतं, आणि त्याच्या काठाला निवळ पाण्यापाशी पुढच्या रांगेतले पक्षी ठिपक्यांसारखे. मृणालला वाटलं, आपण इतके उंच आहोत, की तिथून कोणीही मान वर केली तर आपण दिसू. तिने आपले लांब पाय दुमडले. आधी एक, मग दुसरा. ती तानीच्या समोर मातीवर बसली आणि तिची मान तानीच्या मानेपेक्षा खाली आली.

"अजून बसायला घेतली नव्हतीस ना?" तिने विचारलं. "गार असली तरी मेलेली नसतील."

"न्हाई," तानी म्हणाली. "आठवडाभर तरी राहत्यात."

मृणालने चोच लांबवली. पहिलं अंडं तिने गवतातून हळूहळू, चोचीच्या आतल्या बाजूने ओढत आणलं. मध्ये एक खडा होता, तिथे ती थांबली, अंडं वळवून घेतलं, आणि पुन्हा ओढलं. दुसरं आणायला तिला जास्त वेळ लागला. कारण तिने ते आधी नीट पाहिलं. त्याच्या टोकाला फिकट ठिपके होते. एका बाजूला गवताची काडी चिकटली होती. नीरजाने पुढे होऊन ती काडी काढली.

तानी थोडी वर झाली. मृणालने दोन्ही अंडी तिच्या पोटाखाली सारली. तानीने अंग इकडेतिकडे हलवलं, चोचीने खाली काहीतरी नीट केलं आणि डावा पंख पूर्ण पसरून हलकेच टेकवला.

तिन्ही अंडी झाकली गेली. पंखाच्या कडेशी अजून चोचभर जागा उरली होती.